तळणीच्या तेलाचा साबण

१२ जानेवारी

आई,

नमस्कार. पाकीट बघून घाबरू नका, सगळे धडधाकट आहोत. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं लावता, हे तुम्हीच कबूल केलंय. मागच्या खेपेला मी ऑफिस बंद पडल्याचं सांगत रडत होते आणि तुम्ही माझं अभिनंदन करत होतात. तेव्हापासून ठरवलं, सासूबाईंना काही महत्त्वाचं सांगायचं तर कागदावर.

तर महत्त्वाचं असं, की तुमची सून साबण करू लागली आहे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर मासे आणि बटाट्याचे काप तळून विकणारा आहे ना, तो रोजचं जळकं तेल मोरीत ओतायचा. ऑक्टोबरात पाइप तुंबला. प्लंबरने सळई घालून आतून पांढराफटक, उशीएवढा गोळा बाहेर काढला. सगळी इमारत नाक दाबून उभी, आणि मी मात्र त्या गोळ्याकडे बघत विचार करत होते, की हे तर अर्धं साबणच झालंय! दुसऱ्या दिवशी तळणवाल्याला म्हटलं, तेल मोरीत ओतू नका, मला द्या. त्याला वाटलं मी त्यात स्वयंपाक करणार. बिचारा माझ्याकडे इतक्या दयेने बघायला लागला, की दोन दिवस फुकट काप पाठवत होता.

वाचनालयातून पुस्तक आणलं. गॅलरीतल्या कुंड्या एका बाजूला सारल्या. तेल फडक्यातून गाळायचं, धुवायचं, कॉस्टिक सोडा तोलून पाण्यात विरघळवायचा (तेव्हा वाफ तोंडावर घ्यायची नाही), दोन्ही एकत्र करून घोटायचं, खोक्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि मग महिनाभर सुकत ठेवायच्या. शेवटी परीक्षा. वडीला जिभेचं टोक लावायचं! नुसता साबण लागला, तर पास. बॅटरीच्या सेलला जीभ लावल्यासारखा चटका बसला, तर सोडा जास्त झालाय, असा साबण कातडी भाजतो. तुमचे चिरंजीव लिफ्टदुरुस्तीच्या कामावरच्या मित्रांना सांगत सुटलेत, की लोकांच्या बायका साबण लावतात, माझी चाटते.

हसतात, पण अडवत नाहीत. मार्चअखेरपर्यंत मुदत आहे. तोवर एक जरी कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर हाच उद्योग करायचा. नाहीतर त्यांच्या मित्राने विमा कंपनीत माझ्यासाठी जागा धरून ठेवलीय, तिथे निमूट जायचं, असं आमचं ठरलंय. आई, मला जायचं नाही. गेल्या वर्षी दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आल्यापासून सकाळी उठायला काही कारणच सापडत नव्हतं. आता वड्या उलटायच्या असतात म्हणून उठते.

सोबत दोन वड्या आहेत, पहिल्या घाण्यातल्या. माझ्या जिभेने पास केल्यात. तुम्ही मात्र वह्या तपासायचात तशा तपासा. शाळेत मुलं तुम्हाला ज्या नावानं ओळखायची, ते नाव या पत्राच्या उत्तरात दिसू द्या.

तुमची सून


२१ जानेवारी

सूनबाई,

अनेक आशीर्वाद. मुलं मला लालपेन म्हणायची, हे तुला कोणी सांगितलं ते मला ठाऊक आहे. घरचा भेदी! त्याला सांग, लिफ्टमध्ये अडकशील तेव्हा आईच आठवेल.

साबण मिळाला. एक वडी भांड्यांना, एक कपड्यांना. मळलेली कॉलर दोन हातांत निघाली आणि कढई अशी झाली, की तीत तोंड बघून मी केस विंचरले. शेजारच्या शिवणवालीला दाखवली, तर ती कोपरा कापून घेऊन गेली आणि परत आणून द्यायचं विसरली, यावरून काय ते ओळख. खोट एकच. भांडी घासून झाली तरी घरात मासे तळल्यासारखं वाटतं. गल्लीतलं मांजर दोन दिवस दाराशी बसून आहे.

ही मी काढलेली शेवटची चूक. लाल पेन मी आता पेटीत टाकलंय. मागे तुझा नवरा इथे आला होता, तेव्हा जाताना म्हणाला, "आई, तुला सूर्य उगवताना दाखवला तरी तू म्हणशील, जरा डावीकडे उगवला." गमतीनेच म्हणाला, पण ते मला लागलं. त्यात तुझं पत्र. वर्षभरात पहिल्यांदा तुझ्या वाक्यापुढे उद्गारचिन्ह बघितलं, दोन वेळा. ते पुसायला मी धजणार नाही.

तराजू तळणवाल्याचा आणतेस आणि लगेच परत द्यावा लागतो, असं चिरंजीवांनी फोनवर शिवणवालीला सांगितलं, तिने मला. म्हणून माझं पितळी माप पाठवतेय. चाळीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात आहे. तांदूळ असो, पीठ असो, ते कधी चुकलं नाही. तुझ्या उद्योगाला माझ्याकडून एवढाच हातभार.

तुझी आई


६ फेब्रुवारी

आई,

माप आलं. तुमच्या बोटांनी त्याची कड एका बाजूला झिजलीय, मी पण तिथेच धरते. तराजू परत करण्याआधी सोडा एकदा तोलून मापात ओतला आणि जिथवर आला तिथे आतून नखांना लावायच्या रंगाने लाल रेघ मारली. आता रेघेपर्यंत भरायचं की झालं काम. तराजूची कटकट मिटली.

दुसरा घाणा काल घातला. माशांच्या वासावर उपाय म्हणून संत्र्याच्या साली वाळवून, कुटून घातल्यात. मांजराला माझा निरोप सांगा. दुकानात नेहमीचा पापुद्र्यांचा सोडा संपला होता, त्याने बारीक दाणेदार दिला, मिठासारखा. तो ओतायला सोपा, फार आवडला मला.

आणि आता बातमी! मागच्या रस्त्यावर एक पाळणाघर आहे. ते चालवणाऱ्या बाई तळणवाल्याकडे आल्या होत्या, त्याने माझी वडी दाखवली (आता तो मला वेडी समजत नाही, भागीदार समजतो). बाईंकडे रोज ढीगभर दुपटी, चादरी, सतरंज्या धुवायच्या असतात. दुकानातल्या पावडरीचं पाणी मागच्या बागेत जातं आणि झाडं मरतात, म्हणून त्या वेगळं काही शोधतच होत्या. म्हणाल्या, "मार्चअखेर तुमचा साबण द्या, बघू. पण आधी कोणीतरी अनुभवी माणसाने वापरून सांगायला हवं, तुमच्या शब्दावर कसं घेऊ?" मी म्हटलं, माझ्याकडे असं माणूस आहे, की त्याने पास केलं तर जगात कोणी नापास करू शकत नाही.

म्हणजे आई, आता सगळं तुमच्यावर आहे. महिना झाला की वड्या पाठवते.

तुमची सून


९ मार्च

आई,

घाईत लिहितेय, पोस्ट बंद होईल. दुसऱ्या घाण्यातल्या तीन वड्या सोबत आहेत. रंग बघा, संत्र्याचा आलाय की नाही? भरपूर वापरा, पडदे काढा, चादरी काढा, काटकसर नको.

जिभेची परीक्षा या वेळी जमली नाही. चटका बसल्यासारखं वाटलं खरं, पण गेले काही दिवस माझ्या तोंडाला सगळंच नाणं चघळल्यासारखं लागतंय. चहा तसा, पाव तसा, साबणही तसाच. मग साबणालाच कसा दोष द्यायचा? हवा बदलली असेल. म्हणून खरी परीक्षक तुम्हीच. तुमचं उत्तर आलं की बाईंना हो कळवते.

तुमची सून


१८ मार्च

सूनबाई,

आशीर्वाद. साबण उत्तम झालाय. वास छान. पडदे स्वच्छ निघाले. तुझ्या बाईंना बेलाशक कळव.

अक्षराकडे बघू नकोस, पेन बिघडलंय.

ते नाण्याच्या चवीचं कधीपासून? तू सोड्याच्या वाफेपाशी फार उभी राहत जाऊ नकोस, कालवायचं काम नवऱ्याला दे. वजनं उचलू नकोस. का, ते विचारू नकोस, मोठ्या माणसांचं ऐकावं.

आई


२७ मार्च

आई,

तुमच्या चार ओळींनी काय केलंय, तुम्हाला कल्पना नाही! पत्र घेऊन थेट पाळणाघरात गेले आणि बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "या तुमच्या सासूबाई नेहमीच कौतुक करतात का?" मी म्हटलं, बाई, त्यांनी माझ्या लग्नाच्या पत्रिकेत तीन चुका काढल्या होत्या, आणि तिन्ही बरोबर होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग दुपट्यांपुरताच कशाला, मुलांच्या हातांनाही हाच साबण ठेवू.

तिथे बुटकी बुटकी बेसिनं आहेत, माझ्या गुडघ्याएवढी. जेवणाआधी सगळी चिल्लीपिल्ली रांगेत उभी राहून हात धुतात. आमच्या तळणवाल्याच्या तेलाचा साबण त्या हातांना लागणार. गुरुवारी वड्या नेऊन ठेवते, सोमवारपासून सुरुवात. तुमचे चिरंजीव विमा कंपनीतल्या मित्राला नको म्हणून कळवायला निघालेच होते, मी म्हटलं सोमवार होऊ द्या. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तशी झालेय मी.

आता खरं लिहायचं ते. आई, पेन बिघडलं तर शाई फिकी होते, अक्षर वाकडं होत नाही. तुमच्या हातचा 'क' मी फळ्यावरच्या 'क'सारखा बघत आलेय आणि या पत्रातला 'क' पडता पडता कसाबसा उभा आहे. हात थरथरतो का? मुंग्या येतात का? हे तर रात्री पत्र उशाशी घेऊन बसले होते. आमच्यापासून लपवू नका, डॉक्टरांकडे जा. आम्ही घाबरू म्हणून गप्प बसलात, तर त्याने आम्ही जास्त घाबरतो.

तुमची सून


३१ मार्च

बाळ,

आज दुपारी फोनवर ओरडली ती मीच. शिवणवालीने नंबर लावून दिला, पलीकडे कोणी उचलल्यासारखं वाटलं, म्हणून मी तीनदा ओरडले, "मुलांच्या हाताला साबण लावू देऊ नकोस!" आणि ठेवून दिला. तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही. ऐकायला थांबलेच नाही म्हण. तिच्या दुकानातली गिऱ्हाइकं कपड्यांची मापं द्यायची सोडून माझ्याकडे बघत होती.

तू ऐकलंस ना? ऐकलं असशील अशा आशेवर हे लिहितेय.

खरं सांगते. तुझ्या दुसऱ्या वड्यांनी मी पहिल्या दिवशी पडदे धुतले, दुसऱ्या दिवशी चादरी. तू काटकसर नको म्हणालीस आणि मी वेड्यासारखी घासत बसले. संध्याकाळी बोटं लाल झाली, सकाळी फोड आले. उजव्या हाताची चार बोटं शिवणवालीने मलम लावून तिच्या कापडाच्या चिंध्यांत बांधली. तशा हाताने तुला पत्र लिहिलं. अक्षर त्यामुळे वाकडं, दुसरं काही नाही. माझ्या लेकाला सांग, म्हातारी ठणठणीत आहे, उशाशी पत्र घेऊन बसू नकोस.

मग उत्तम झालाय असं का लिहिलं? मला वाटलं, दोष माझ्या कातडीचा असेल. या वयात ती कांद्याच्या सालीसारखी झालीय. तिकडे बाईंकडे कपडे मशीनमध्ये धुतले जातील, मग पाण्यात निघून जाईल. असं मी स्वतःला समजावलं. पण तेवढंच नव्हतं. तुझ्या पत्रातली ती उद्गारचिन्हं मला मोडवेनात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, मी फोडांची मूठ झाकून बसले. आज तुझं पत्र उघडलं, ती बुटकी बेसिनं वाचली आणि तशीच शिवणवालीच्या दुकानाकडे धावले. माझ्याच चार ओळींनी तो साबण तिथवर पोचवला होता.

उरलेल्या वडीला आज मी स्वतः जीभ लावली. चांगलाच चटका बसला. साबणाचाच दोष आहे, माझ्या कातडीचा नाही. कुठे चुकलंय ते शोध. तू शोधशील.

आणखी एक. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मला तीन महिने पाणीसुद्धा नाण्यासारखं लागत होतं. मी काही विचारत नाही. सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तरी सोड्यापासून लांब राहा.

माझ्यावर रागावली असशील तर ते रास्त आहे.

आई


९ एप्रिल

आई,

ऐकलं. तिन्ही वेळा ऐकलं, मीच काय, आमच्या मजल्याने ऐकलं. मी चार वेळा "आई, आई" म्हणत होते आणि तुम्ही फोन ठेवलात. मग घरातल्या सपाता तशाच पायात ठेवून पळत सुटले. वड्या आदल्या दिवशीच नेऊन ठेवल्या होत्या, सोमवारसाठी कागदात गुंडाळलेल्या, प्रत्येक बेसिनवर एक. मुलं झोपलेली होती. मी वाकून वाकून एकेक वडी उचलून ओच्यात भरत होते आणि बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हटलं, "हा साबण चुकलाय. भाजतो. नका वापरू. मी घेऊन जाते." का, कसा, काही सांगता येईना. घरी येऊन मी रडले.

मग तुमचं पत्र आलं आणि मला राग आला. खूप आला आई, खोटं कशाला सांगू? तुमच्या हाताला फोड आले आणि तुम्ही मला 'वास छान' लिहिलंत. मी ते पत्र मिरवत नेलं. एखाद्या पोराची बोटं भाजली असती तर मी आयुष्यभर कुठल्याच साबणाला हात लावला नसता. माझं कौतुक करायला बाकी सगळी दुनिया आहे. तळणवाला करतो, तुमचा मुलगा करतो, मांजरसुद्धा करतं. चूक दाखवणारं माणूस मला एकच मिळालंय आणि तेच पेन पेटीत टाकून बसलंय! मी तुम्हाला पहिल्या पत्रात काय मागितलं होतं, ते काढून वाचा.

दोन दिवस राग राग केला. तिसऱ्या दिवशी तराजू मागून आणला आणि चूक सापडली. ती माझी. तुमच्या मापाची नाही, तुमची तर मुळीच नाही. रेघ मारली तेव्हा मापात पापुद्र्यांचा सोडा होता, फुगलेला, मध्ये हवाच जास्त. नंतर दुकानदाराने दाणेदार दिला, तो दाटून बसतो. तीच रेघ, तेच माप, पण वजन कितीतरी जास्त. मी तुमचं माप मिळालं या आनंदात तोलायचंच सोडलं. ते कधी चुकलं नाही असं तुम्ही लिहिलं होतंत आणि मी ते देववाणीसारखं धरलं. तांदळाला, पिठाला नसेल चुकलं आई. सोड्याला माप नाही, तराजूच हवा. कालच स्वतःचा घेतला. माप आता रेघ खरवडून, लख्ख घासून चहाच्या साखरेत ठेवलंय, तिथे ते रोज हाताला लागतं.

मग हिंमत करून बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. फोड, फोन, रेघ, सगळं. नको म्हणतील म्हणून तयारीनेच गेले होते. त्यांनी आधी एका मुलीच्या बुटाची नाडी बांधून दिली. मग म्हणाल्या, "आजवर माल खपवायला लोक पळत आलेले बघितलेत. माल परत न्यायला सपाता घालून पळत आलेल्या तुम्ही पहिल्याच. नवा घाणा करा. पूर्ण सुकू द्या. फक्त त्या सासूबाईंनी नीट तपासून पास केलेला हवा, आणि या वेळी पत्र नको, त्यांनाच आणा."

विमा कंपनीवाल्याने तोवर थांबायचं कबूल केलंय. म्हणजे अजून काही जिंकलेलं नाही, पण दार उघडं आहे. बिघडलेल्या वड्या किसून, त्यात आणखी तेल घालून मंद आचेवर पुन्हा आटवता येतात, फुकट काही जात नाही. ते काम हातमोजे घालून तुमचा मुलगा करतोय. मला गॅलरीत यायला बंदी आहे.

का, ते तुम्ही ओळखलंतच. हो. तिसरा महिना. कोणाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही, कारण मागच्या वेळी आनंदाने सगळ्यांना सांगत सुटले होते आणि मग प्रत्येकाला ते दुसरं सांगावं लागलं होतं. या वेळी वाटलं, न बोललं तर टिकेल. बघा, मीही मूठ झाकूनच बसले होते, तुम्हाला काय बोल लावू?

आई, रोज सकाळी डोळे उघडले की पहिली भीती वाटते. या वेळी सगळं नीट होईल ना? माझं मन राखायला काही लिहू नका. खरं काय ते लिहा.

तुमची सून

ता. क. हातांचं कसं आहे? हेही खरं.


१४ एप्रिल

बाळ,

आशीर्वाद. आधी हात. नवी कातडी आलीय, गुलाबी, आठवीतल्या मुलीसारखी. करंगळी अजून दुखते. 'क' पुन्हा ताठ उभा राहिलाय, वरच्या ओळीत बघ.

तुझा राग वाचला. दोनदा वाचला. चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांवर मी जे केलं, ते तू माझ्या पत्रावर केलंस आणि एकही खूण चुकीच्या जागी नाही. बरं वाटलं ग. माझी चूक मला इतक्या मायेने आजवर कोणी दाखवली नव्हती. पेटी उघडून पेन काढलंय. शाई वाळली होती, नवी भरली.

सोडा आणि पापुद्रे मला समजले. माझं माप साखरेत ठेवलंस ते चांगलं केलंस, माणसाला आणि मापाला झेपेल तेवढंच काम द्यावं. तुझ्या बाईंना सांग, मी येतेय. घाणा सुकेपर्यंत तिथेच राहीन आणि रोज एक वडी चाखीन. जीभ तिखट म्हणून ज्यांनी ज्यांनी नावं ठेवली, त्यांना कळव की तिला म्हातारपणी नोकरी लागली. शिवणवालीने हातमोज्यांचे दोन जोड शिवून दिलेत. तिला मी एका वडीचा वायदा केलाय, या वेळी पूर्ण वडीचा.

आता तू विचारलंस ते.

माझ्या हातून आधी 'सगळं नीट होईल' असं लिहून झालं होतं. अक्षर सुंदर आलं होतं. मग मी लाल पेनाने ते खोडलं. तुला खरं हवंय. तर खरं असं आहे, की मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नसतं, तेही रोज सकाळी अंदाजच बांधतात. मलाही भीती वाटते. तुझं पत्र आल्यापासून मलाही सकाळी डोळे उघडले की आधी तेच आठवतं.

पण मागच्या वेळी तू दवाखान्यातून आलीस तेव्हा मी इथे होते. फोनवर तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नव्हतं, आणि मी "छान, छान" म्हणत राहिले होते. नंतर मुलाकडून कळलं. या वेळी जे होईल, हसायचं किंवा रडायचं, ते तुला मला ओरडून सांगावं लागणार नाही. मी शेजारच्या खोलीत असेन.

रविवारच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नकोस, त्याला पाठव. आणि माझा चहा तू करू नकोस. दोघींचा मीच करीन, आणि तुला नाण्यासारखा लागला तर तसं सांग.

तुझी
लालपेन